बाबांचं सागवानी डायनिंग टेबल डोंबिवलीहून नागपूरला सुखरूप कसं न्यावं?

ओसरी | ५ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

नवऱ्याची नागपूरला बदली झाली आहे. मुलांच्या परीक्षा आटोपल्या की मेच्या पहिल्या आठवड्यात बाडबिस्तरा हलवायचा. फ्रिज, वॉशिंग मशीन, कपाटं यांची काळजी नाही, ते नेणारे लोक रोज तेच काम करतात. जीव अडकलाय तो डायनिंग टेबलात.

बाबांनी १९७८ साली गिरगावच्या चाळीत सुतार बसवून ते करून घेतलं. साडेपाच फूट बाय तीन फूट, भरीव सागवानी फळ्यांचं. सहा खुर्च्या, त्यातल्या चार वेताच्या बैठकीच्या. पुढे कधीतरी वर १२ मिलिमीटरची काच आली. जोडीला काचेच्या दारांचं क्रोकरीचं कपाट, आईचा सोनेरी कडांचा चिनी मातीचा डिनर सेट आणि टेबलावर टांगायचा पितळी दिवा.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तीन पॅकर्सवाले येऊन बघून गेले. तिघांचंही एकच, "ताई, काही खोलायला नको, गुंडाळून असंच नेतो." एक तर म्हणाला काचही वरच राहू द्या. भाऊ म्हणतो विकून टाक, तिकडे नवीन घे. ते माझ्याने होणार नाही. नागपूरला पहिल्या रात्रीचं जेवण त्याच टेबलावर व्हावं असं मनात आहे. कुणी असं जुनं लाकडी सामान लांब नेलंय का? कसं नेलंत, काय बिघडलं, सगळं सांगा.

सांजवात | ५ एप्रिल, रात्री ११:०५

काच वर ठेवून नेऊ देऊ नका. आमची तशीच नेली होती, पुणे ते कोल्हापूर. पोचल्यावर गुंडाळी सोडली तर आत नुसता चुरा, आणि त्या चुऱ्याने टेबलाचं पॉलिश पार खरवडलेलं.

पाटपाणी | ६ एप्रिल, सकाळी ७:१५

मी भावाच्या बाजूने. आम्ही पाच वर्षांत तीन बदल्या काढल्या. दर वेळी टेबल ओढत नेलं, दर वेळी एखादा पाय डुगडुगायला लागला. शेवटी विकलं आणि पाट-चौरंगावर आलो. पंगत मांडल्यासारखे सगळे खाली बसतो, मुलांनाही आवडतं. वस्तूत किती जीव गुंतवायचा याचा विचार करा.

शिसवी | ६ एप्रिल, सकाळी ९:३०

पाटपाणी, तुमचं टेबल भरीव लाकडाचं होतं का? विचारते कारण फरक तिथेच पडतो. पार्टिकल बोर्डाचं टेबल एकदा खोलून जोडलं की स्क्रूची भोकं सैल होतात, दुसऱ्या खेपेला पकडच राहत नाही. ओसरीताईंचं सागवान आहे. त्याला हा आजार नाही.

आमच्या सासष्टीतल्या घरी पणजोबांच्या काळचं शिसवी टेबल आहे, बारा माणसं बसतील एवढं. शिसव सागापेक्षा बरंच जड. मडगावच्या फ्लॅटमध्ये आणताना आठ माणसं लागली. त्यातला एक म्हातारा सुतार सारखा एकच गोष्ट ओरडत होता, "वरच्या फळीला धरून उचलू नका, खालच्या चौकटीला हात घाला." फळीला धरून उचललं की पायांचं सगळं ओझं तिच्या स्क्रूंवर येतं.

पाटपाणी | ६ एप्रिल, सकाळी १०:०२

हो, आमचं पार्टिकल बोर्डाचंच होतं. मग माझा सल्ला या टेबलाला लागू नाही, मागे घेतो. पाटावर बसायचा सल्ला मात्र कायम!

रंधा | ६ एप्रिल, दुपारी १:२०

मी सुतारकाम करतो, आमची तिसरी पिढी. सविस्तर लिहितो.

ताई, आधी टेबलाखाली आडवं पडून टॉर्च मारून बघा. दोन गोष्टी पाहायच्या. पाय चौकटीत कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) घालून, सरस लावून कायमचे बसवलेत, की कोपऱ्यात ठोकळा देऊन नट-बोल्टने आवळलेत? कायमचे असतील तर त्यांना हात लावू नका. फक्त वरची फळी सोडवा आणि चौकट-पाय एकत्र न्या. बोल्ट असतील तर चारही पाय निघतात, आणि तिसऱ्या मजल्यावरून उतरवायला त्याहून चांगलं काही नाही.

दुसरं, वरची फळी चौकटीला कशी धरलीय ते बघा. चांगला सुतार तिथे स्क्रूला लांबट भोक ठेवतो किंवा लाकडी बटणं, म्हणजे चौकटीच्या खाचेत सरकणारे छोटे ठोकळे, बसवतो. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, तेही रुंदीत, लांबीत जवळजवळ नाही. तीन फूट रुंद फळीत हा फरक काही मिलिमीटरचा होतो. सरकायला जागा असेल तर काही बिघडत नाही. कुणी मध्येच दुरुस्ती म्हणून ती फळी स्क्रूने गच्च आवळली असेल तर आकसताना ती चिरेल. डोंबिवलीची हवा आणि मेमधलं नागपूर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लोक वाटेतल्या खड्ड्यांना भितात, मला विचाराल तर या टेबलाला खरा धोका हवेचा आहे.

पाय काढण्याआधी प्रत्येक पायावर आणि त्याच्या कोपऱ्यावर आतल्या बाजूने पेन्सिलीने आकडा घाला. हाताने केलेल्या टेबलाचा प्रत्येक पाय स्वतःच्याच कोपऱ्यात नीट बसतो. अदलाबदल झाली की टेबल डुलतं आणि मग लोक खाली पुठ्ठ्याच्या घड्या सारत बसतात. नट-बोल्ट कापडी पिशवीत घालून ती पिशवी चौकटीलाच सुतळीने बांधा. वेगळ्या खोक्यात टाकलेले बोल्ट वेळेवर सापडत नाहीत.

ओसरी | ६ एप्रिल, रात्री ९:१०

रंधा, आत्ताच खाली पडून बघितलं. कोपऱ्यात ठोकळे आहेत आणि चौकोनी नटांचे बोल्ट! फळीला लाकडी बटणं आहेत, एकूण आठ. दोन नट गंजून घट्ट बसलेत. आणि एक गंमत, आकडे घालायची गरजच नाही. प्रत्येक पायाच्या डोक्याशी पटाशीने पाडलेल्या खुणा आहेत. एकावर एक रेघ, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर चार. कोपऱ्यांवरही तशाच. इतकी वर्षं त्याच्यावर जेवतोय, कधी खाली डोकावून पाहिलं नव्हतं.

रंधा | ६ एप्रिल, रात्री ९:४८

वाचून छान वाटलं. कारागीर जाणता होता. गंजलेल्या नटांवर शिवणयंत्राचं तेल दोन-दोन थेंब सोडा आणि दोन दिवस थांबा. मग पाना लावून आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवा, नंतर सोडवा. एकदम जोर लावला तर बोल्ट लाकडासकट फिरतो.

गिरगावचा_जिना | ६ एप्रिल, रात्री १०:३०

ते टेबल सुटणारं का केलंय ते मी सांगतो. चाळीचे जिने! आमच्या चाळीत जिन्यावर दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागे. अखंड टेबल त्या जिन्याने वरही गेलं नसतं आणि खालीही आलं नसतं. म्हणून सुतार घरात बसूनच काम करत आणि उद्या जागा बदलली तर, हा विचार करून बोल्ट ठेवत. ज्यांनी तो विचार केला नाही त्यांच्या वस्तू गॅलरीतून दोर लावून उतरवलेल्या मी पाहिल्या आहेत.

माझे वडील मस्जिद बंदरला माथाडी होते. १९६९ साली माथाडी कायदा झाला त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते कामाला लागले. ओझं कसं उचलायचं हे त्यांच्याकडून ऐकतच वाढलो. ताई, एक विनंती. हमालांना ओझं किती आणि कुठलं हे आधी सांगा. तुमची काच साडेपाच बाय तीन, १२ मिमी, म्हणजे जवळपास ४६ किलो भरेल. काचेला एका चौरस मीटरला, एक मिलिमीटर जाडीमागे, अडीच किलो वजन धरायचं. आणि ही काच खांद्यावर किंवा चुंबळ घेऊन डोक्यावर न्यायची वस्तू नाही. दोघांनी उभी धरायची, तिसऱ्याने पुढे चालत वळण सांगायचं. प्रत्येक मजल्यावर टेकवायला खाली जाड गोधडी हवी. तिसऱ्या माणसाचे पैसे वाचवू नका, आणि खाली उतरल्यावर चहा-पाणी विचारा.

खलबत्ता | ७ एप्रिल, सकाळी ८:२०

काच उभी का? आम्ही तर गादीवर आडवी ठेवून नेली, काही झालं नाही.

शिसवी | ७ एप्रिल, सकाळी ८:५५

नशीब चांगलं तुमचं. आडव्या काचेवर वाटेत कुणीतरी खोकं ठेवतंच, आणि खालची गादी एकसारखी दबत नाही. खड्ड्यात गाडी आपटली की काच मध्ये वाकते आणि जाते. उभ्या काचेचं वजन तिच्याच कडेवर तोललं जातं. फक्त कड सांभाळायची. टफन्ड काच असेल तर एका कोपऱ्यात बारीक शिक्का दिसेल. ती मधोमध बुक्की सोसेल, पण कड टाइल्सवर टेकली तरी क्षणात चुरा होऊ शकतो. चारही कडांना पुठ्ठ्याची पन्हळ करून लावा.

सांजवात | ७ एप्रिल, सकाळी ९:१०

आमच्या चुऱ्याचं कारण आज कळलं!

काचेवर चिकटपट्टीची फुली मारतात ना, त्याने काच वाचत नाही. फुटली तर तुकडे धरून राहतात इतकंच. कपाटाच्या काचेच्या दारांना ती जरूर मारा, पण पट्टी लाकडाच्या पॉलिशवर येऊ देऊ नका. काढताना सालपट निघतं. दारं बंद ठेवायला सुती पट्टी किंवा मऊ सुतळी बांधा.

दूरदेशी | ७ एप्रिल, सकाळी ११:४०

लाकडाला थेट बबल रॅप गुंडाळू देऊ नका, आम्ही त्यात फसलो. बबल आत, पॉलिशकडे, आणि गाडी दोन दिवस उन्हात उभी. उघडल्यावर अख्ख्या टेबलावर गोल गोल ठसे, पुन्हा पॉलिश करायला लागलं. जुनं लाखेचं पॉलिश असेल तर जास्तच जपा. आधी सुती कापड, त्यावर पन्हळी पुठ्ठा, आणि मग बबल रॅप घालायचा तर बबल बाहेरच्या बाजूला.

खलबत्ता | ७ एप्रिल, दुपारी १२:०५

सुती कापड म्हणजे जुन्या नऊवारी. मऊ, लांब, आणि शेवटी घर पुसायला कामाला येतात. आमच्या आजीच्या लुगड्यांनी आमची दोन बिऱ्हाडं हलवली.

पण मला मुख्य प्रश्न वेगळाच पडलाय. ओसरीताई, मेमध्ये निघताय, म्हणजे कैरीचं लोणचं नुकतंच घातलेलं असणार. बरणीचं काय करणार?

ओसरी | ७ एप्रिल, दुपारी २:३०

खलबत्ता, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. आई या आठवड्यात घालतेच आहे. मोठी बरणी, पाच किलोची.

पाटपाणी | ७ एप्रिल, दुपारी २:४५

बरणी मांडीवर. दुसरा उपाय नाही.

वऱ्हाडी_ठेचा | ७ एप्रिल, दुपारी ३:२०

या हो ताई आमच्या नागपूरला! ट्रकमध्ये लोणचं ठेवू नका जी. तेल वर चढते, बरणीच्या तोंडाला बांधलेल्या दादऱ्यातून झिरपते, आणि एकदा का गोणपाटात मुरलं की आख्ख्या सामानाला वास. कोरडी बरणी ट्रकमध्ये आणि लोणचं स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून सोबत. विदर्भ एक्सप्रेसने येत असाल तर कल्याणला बसा आणि डबे सीटखाली ठेवा.

आता टेबलाचं ऐका, रंधाभाऊ बरोबर सांगून राहिले. मेमध्ये इथे पारा ४५ पर्यंत जाते. हवा अशी कोरडी की ओला टॉवेल अर्ध्या तासात वाळते. आणि घरोघरी कूलर. आमच्या शेजारी सांगलीहून आले, त्यांनी टेबल नेमकं कूलरसमोर मांडलं. एका बाजूला ओली हवा, दुसऱ्या बाजूला कोरडी. दोन महिन्यांत फळी कढईवाणी वाकली. कूलरच्या झोतापासून आणि पश्चिमेच्या खिडकीपासून टेबल दूर मांडा.

कायद्याचं_बोला | ७ एप्रिल, संध्याकाळी ६:१५

कागदपत्रांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. वाहतूकदाराकडून बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची पावती, घ्या आणि तिच्यावर वस्तूंची यादी आणि किंमत लिहून घ्या. नुसतं "घरगुती सामान, २८ नग" चालवून घेऊ नका. कॅरेज बाय रोड अॅक्ट, २००७ नुसार नुकसान झालं तर दावा लावण्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती सामान बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांत. बहुतेकांची भरपाई इथेच बुडते, कारण ते फोनवर भांडत बसतात. शिवाय जास्त किंमत आधी लिहून दिली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी मर्यादित राहते. म्हणून ट्रान्झिट विमा वेगळा काढा आणि तो खरंच काढल्याचा कागद विमा कंपनीचा आहे ना, ते तपासा. पॅकर्सच्या पावतीवर "विमा ३ टक्के" लिहिलेलं म्हणजे विमा नव्हे. प्रत्येक वस्तूचे चारही बाजूंनी फोटो काढा. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (जीएसटीखाली माल नेताना लागणारा कागद) लागत नाही, त्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

शिसवी | ७ एप्रिल, संध्याकाळी ७:००

हे फार उपयोगी. आणखी एक, पार्ट लोड, म्हणजे इतरांच्या सामानासोबत गाडीतली थोडी जागा, घेऊ नका. स्वस्त पडतो, पण वाटेत गोदामात सामान उतरवतात, पुन्हा चढवतात. प्रत्येक चढ-उतारात नवी माणसं, आणि त्यांना तुमच्या टेबलाची माहिती नसते.

ओसरी | ७ एप्रिल, रात्री ९:५०

पूर्ण गाडीच ठरवतेय, १४ फुटी, समृद्धीने. आमणेहून चढलं की नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर एकच रस्ता, त्यामुळे धक्के कमी बसतील. वेताच्या खुर्च्यांचं आणि डिनर सेटचं सांगा कुणीतरी.

दूरदेशी | ७ एप्रिल, रात्री १०:२०

डिनर सेट: ताटं आडवी रचू नका, खोक्यात उभी लावा, ग्रंथालयातल्या पुस्तकांसारखी. तळाला चुरगळलेल्या कागदाचा चार बोटं थर. प्रत्येक ताटाला आधी कोरा कागद आणि मग वर्तमानपत्र, कारण छपाईची शाई सोनेरी कडेत बसते. खोकं भरल्यावर बंद करून हलकेच हलवा. आवाज आला तर पुन्हा उघडा आणि कागद कोंबा. खोकी लहान घ्या, एका माणसाने सहज उचलावं एवढंच वजन.

रंधा | ७ एप्रिल, रात्री १०:५५

वेताच्या खुर्च्या: बैठकीवर काहीही ठेवू द्यायचं नाही. गाडी भरणाऱ्यांना खुर्ची दिसली की त्यावर खोकं ठेवायचा मोह होतो. बैठकीच्या आकाराचा प्लायचा तुकडा चौकटीवर टेकेल असा बांधा, म्हणजे भार वेतावर येणार नाही. खुर्ची उचलताना पाठीला धरू नका, बैठकीच्या चौकटीला धरा. सगळ्यात शेवटी चढवा, सगळ्यात आधी उतरवा.

ओसरी | १० मे, दुपारी ४:३०

मंडळी, पोचलो. सगळं लिहायचं ठरवलं होतंच.

पॅकर्सना धाग्यातलं सगळं सांगितलं तेव्हा मुकादम आधी वैतागला. मग मी त्याला टेबलाखालच्या पटाशीच्या खुणा दाखवल्या. तो स्वतःच आडवा पडून बघायला लागला आणि मुलांना म्हणाला, "हे नीट न्यायचंय." काच तिघांनी उतरवली, गिरगावचा_जिना, तुमच्या पद्धतीने. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझे श्वास अडकले होते. फळी आईच्या दोन नऊवारींत गेली. गंजलेले नट तेलाने अलगद सुटले.

नुकसान एकच. एका वेताच्या खुर्चीला बांधलेला प्लाय प्रवासात सरकला आणि बैठकीला मधोमध वीतभर भोक पडलं. मुकादमाने कबूल केलं, फोटो होते, यादीत किंमत होती, भरपाईचा अर्ज लेखी दिला आहे. डिनर सेटमधलं एकही ताट फुटलं नाही. लोणच्याचे डबे माझ्या मांडीवर कल्याण ते नागपूर.

टेबल रात्री साडेनऊला जोडून झालं. एक रेघ एक रेघेशी, दोन दोनशी. लेकानेच जुळवलं. पिठलं-भात केला आणि सहा जण बसलो. एकाला स्टूल दिलं.

गिरगावचा_जिना | १० मे, संध्याकाळी ५:१०

वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, त्या मुकादमाला माझा नमस्कार सांगा.

वऱ्हाडी_ठेचा | १० मे, संध्याकाळी ५:४०

लय मस्त! वेत विणणारे आहेत इकडे, पत्ता काढून निरोपात पाठवतो.

ओसरी | २८ मे, सकाळी ८:००

रंधा, एक शंका आहे. टेबल कूलरपासून लांब, आतल्या भिंतीशी आहे. तरी दोन फळ्यांच्या मधल्या सांध्यात एक बारीक फट दिसतेय, नखाची कड जाईल एवढी. इथला सुतार म्हणतो फटीत लांबी (पुट्टी) भरून पॉलिश मारतो. भरू का?

रंधा | २८ मे, दुपारी १:१५

भरू नका. आता लाकूड आकसलंय, पावसाळ्यात परत फुगणार. फट भरलीत तर फुगायला जागा राहणार नाही आणि भरलेलं बाहेर फेकलं जाईल, नाहीतर सांधा दुसरीकडे उकलेल. आठही बटणं आपापल्या खाचेत मोकळी सरकताहेत ना, तेवढं हात घालून बघा. ऑगस्टमध्ये फटीचा फोटो टाका. तेव्हाही तेवढीच राहिली असेल तर काय करायचं ते सांगतो.